एकलहऱ्याची राख, प्लेटिंगचं पाणी आणि झिओलाइटचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड भागात झिंक, निकेल आणि थोडं क्रोम प्लेटिंग (वस्तूंवर धातूचा मुलामा) करणारं युनिट. रोजचं सांडपाणी साधारण १५ हजार लिटर. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) आहे, त्यात चुन्यानं न्यूट्रलायझेशन, क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) आणि सँड फिल्टर आहे. तरी आउटलेटला निकेल लिटरमागे ५-६ मिलिग्रॅम येतं आणि मर्यादा ३ ची आहे. एका शोधनिबंधात वाचलं, की औष्णिक केंद्राच्या राखेपासून बनवलेल्या झिओलाइटनं पाण्यातलं ९८ टक्के निकेल काढलं. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख जवळच आहे. मग झिओलाइट स्वतःच तयार करावा का? मेव्हण्यांच्या साखर कारखान्यातली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राखही ट्रकभर मिळू शकते. दोन्हींपैकी कोणती घ्यावी?

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या १५ हजार लिटरसाठी राखेपासून झिओलाइट तयार करण्याची भट्टी टाकू नका. झिओलाइट निकेल धरतो, हे खरं आहे. पण तुमच्या पाण्यात तो पेपरातल्याइतका धरणार नाही, आणि तो बनवण्यात राखेचा खर्च जवळपास शून्य असला तरी कॉस्टिकचा (कॉस्टिक सोड्याचा) नाही. बगॅसची राख निकेलसाठी नाहीच. आता हे का, ते नीट सांगतो, कारण उद्या कुणी सल्लागार तुम्हाला रंगीत स्लाइड दाखवून 'टाकाऊतून टिकाऊ' विकायला येईल तेव्हा त्याला काय विचारायचं ते तुमच्याकडे असावं.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा पिंजरा. सिलिकॉनच्या जागी जिथे जिथे ॲल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण भार उरतो, आणि तो फेडायला पिंजऱ्यात सोडियमचा धन आयन सैलसर बसलेला असतो. पाण्यातून दुसरा धन आयन आला की सोडियम बाहेर पडतो आणि तो आत बसतो. काम एवढंच. त्यामुळे कुठल्याही सांडपाण्यासाठी झिओलाइटचा विचार करताना पहिला प्रश्न टक्क्यांचा नसतो, भाराचा असतो. आपल्याला जे काढायचं आहे ते पाण्यात धन भाराचं आहे का?

प्लेटिंगच्या शेडमध्ये याचं उत्तर ओळीओळीला बदलतं. क्रोमच्या बाथमधलं (प्लेटिंगच्या द्रावणातलं) हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं, क्रोम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं, म्हणजे ऋण भाराचं. झिओलाइट त्याला हातही लावत नाही. त्याला आधी पीएच २ ते ३ वर मेटाबायसल्फाइटनं ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) करा, मग पीएच साडेआठच्या आसपास हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसवा. हा जुना मार्गच बरोबर आहे. झिंक जर सायनाइड बाथमधून येत असेल, तर ते सायनाइडच्या चार हातांत अडकून ऋण भाराचंच झालेलं असतं. आधी पीएच १० च्या वर सोडियम हायपोक्लोराइटनं सायनाइड मोडावं लागतं. (क्रोमची आम्ल ओळ आणि सायनाइडची ओळ एका गटारात कधीही येऊ देऊ नका. हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो आणि त्यानं माणसं मेलेली आहेत.) इलेक्ट्रोलेस निकेल करत असाल, तर त्यातलं सायट्रेट, लॅक्टेट निकेलला धरून ठेवतं. झिंक-निकेल मिश्रधातूच्या अल्कली बाथमधली अमाइन तर आणखी घट्ट. असं बांधलेलं निकेल चुन्यानंही पूर्ण बसत नाही आणि झिओलाइटमध्येही जात नाही. तुमच्या आउटलेटचं ५-६ मिलिग्रॅम यातलंच असण्याची शक्यता मी तरी नाकारणार नाही.

साधं वॉट्स बाथचं निकेल, म्हणजे सल्फेट-क्लोराइडचं, धन भाराचं असतं आणि झिओलाइटच्या कक्षेत येतं. पण तिथेही ते रांगेत शेवटी. बहुतेक मोजमापांत शिसं सगळ्यांत आधी बसतं, मग कॅडमियम, तांबं, झिंक आणि निकेल सर्वांत मागे. कारण निकेलचा आयन स्वतःभोवती पाण्याचं कवच फार घट्ट धरतो. ते कवच सोडल्याशिवाय अरुंद खिडकीतून आत शिरता येत नाही. २०११ नंतर फुकुशिमाच्या किरणोत्सारी पाण्यातून सीझियम काढायला झिओलाइटच वापरला गेला, आणि त्या पाण्यात समुद्राचं मीठ मिसळलेलं होतं. तिथे तो चालला, कारण सीझियमचं कवच सैल आहे. निकेलचं नेमकं उलट.

आता त्या ९८ टक्क्यांबद्दल. असे निबंध खोटे नसतात, पण ते कसे केलेले असतात ते पाहिलं पाहिजे. बहुतेक प्रयोगांत डिस्टिल्ड पाण्यात निकेलचं मीठ विरघळवलेलं असतं. त्यात कॅल्शियम नाही, सोडियम नाही, ब्राइटनर (चकाकी आणणारं रसायन) नाही. तुमच्याकडे मात्र चुना पडतो. समजा क्लॅरिफायरनंतरच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे भाराच्या मापात, ते २० होतं. निकेल ६ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.२. एका सीटमागे शंभर प्रवासी उभे आहेत आणि निकेल त्या गर्दीत मागच्या दाराला आहे. कॅल्शियमला झिओलाइट मनापासून आवडतो. डिटर्जंट पावडरीत ४ए झिओलाइट घालतात तो याच कामासाठी, पाण्यातलं कॅल्शियम उचलायला.

दुसरी गोष्ट पीएचची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. राख अल्कधर्मी, राखेचा झिओलाइट तर त्याहून जास्त, कारण त्यात कॉस्टिक उरलेलं असतं. तो पाण्यात टाकला की पीएच गुपचूप ९-१० वर जातो आणि निकेल हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. प्रयोग करणारा गाळून वरचं पाणी तपासतो आणि म्हणतो, ९८ टक्के शोषलं. शोषलं नाही, बसलं. तेच काम दोन चमचे कॉस्टिकनं झालं असतं. म्हणून राखेच्या कुठल्याही पदार्थाची जार टेस्ट (बीकरमधली छोटी चाचणी) करताना शेजारी एक असा बीकर हवाच, ज्यात पदार्थ न टाकता फक्त कॉस्टिकनं तोच शेवटचा पीएच आणला आहे. दोन्ही बीकरांच्या निकालातला फरक एवढंच त्या पदार्थाचं श्रेय. हा कंट्रोल नसलेल्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही मोठ्या संस्थेचा असो.

जाता जाता, कापड प्रोसेसिंगवाल्यांनाही हेच लागू आहे. रंगाच्या पाण्यावरच्या निबंधांत बहुतेक वेळा मेथिलीन ब्लू वापरलेला असतो. तो धन भाराचा रंग आहे, राखेला लगेच चिकटतो. इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या कॉटन डाइंगमध्ये जातात ते रिॲक्टिव्ह रंग, ऋण भाराचे आणि मिठानं भरलेल्या पाण्यातले. मेथिलीन ब्लूचा आकडा तिथे काहीही सांगत नाही.

राखेकडे येऊ. एकलहऱ्याचं केंद्र ६३० मेगावॅटचं. आपल्याकडच्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, आणि त्यातली सुमारे चार पंचमांश धुरासोबत वर जाते व ईएसपीत (धुरातली राख विजेच्या भारानं ओढून घेणाऱ्या यंत्रात) पकडली जाते. हीच फ्लाय ॲश. तिच्यात सिलिका साधारण ५५-६० टक्के, ॲल्युमिना २५-३० टक्के, लोह पाचेक टक्के आणि चुना अगदी थोडा. कागदावर हे झिओलाइटचं सामानच दिसतं. अडचण अशी की ती सगळी सिलिका-ॲल्युमिना कामाची नाही. भट्टीत वितळून झटकन थंड झालेला भाग काचेसारखा असतो, तोच कॉस्टिकमध्ये सहज विरघळतो. उरलेलं क्वार्ट्झ आणि म्युलाइट. म्युलाइट तर भट्टीच्या विटांत वापरतात, इतकं हट्टी. देशी राखेत हे दोन्ही भरपूर असतात. त्यामुळे युरोपातल्या काचयुक्त राखेवर मिळालेला आकडा आपल्या राखेवर तसाच येत नाही.

हे तंत्र तसं नवं नाही. १९८५ मध्ये जर्मनीत होलर आणि विरशिंग यांनी राख कॉस्टिकच्या द्रावणात तापवून झिओलाइट केल्याचं दाखवलं. १९९३ मध्ये जपानच्या शिगेमोतो आणि सहकाऱ्यांनी आधी राख कॉस्टिकसोबत वितळवून मग स्फटिक वाढवण्याची युक्ती मांडली. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फ्लाय ॲशच्या झिओलाइटवर बरंच काम केलं आहे. आणि निसर्गानं तर हे सह्याद्रीत आधीच करून ठेवलंय. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं असेल तर तिथले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटचे गुलाबी-पांढरे स्फटिक आठवा. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या गरम पाण्यानं खडकातली सिलिका-ॲल्युमिना विरघळवली आणि पुन्हा नव्या रचनेत बसवली. प्रयोगशाळेत आपण तेच घाईघाईनं करतो, कॉस्टिक आणि उष्णता वापरून.

दोन मार्ग आहेत. सरळ मार्गात राख २ ते ३ मोलर कॉस्टिकमध्ये, ग्रॅममागे ५ ते १० मिलिलिटर द्रावण धरून, ९५-१०० अंशांवर एक-दोन दिवस ठेवायची. पी१ नावाचा झिओलाइट तयार होतो, पण क्वार्ट्झ आणि म्युलाइट तसंच उरतं, म्हणजे हातात येतो तो झिओलाइट आणि राखेचा मिसळा. 'लवकर होईल' म्हणून कॉस्टिक ५ मोलरवर नेलं किंवा वेळ वाढवला, तर सोडालाइट होतो. त्याची खिडकी इतकी बारीक की धातूंच्या कामाचा तो जवळजवळ नाहीच. पी१, ए, एक्स हे सगळे अर्धवट टप्प्यावरचे पदार्थ आहेत. जास्त शिजवलं की ते पुढे सोडालाइटकडे जातात. एकाच दिवशी केलेल्या दोन बॅचेस वेगळ्या येतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

वितळवण्याच्या मार्गात १ किलो राखेला १.२ किलो कॉस्टिक, ५५० ते ६०० अंशांवर एक-दोन तास. म्युलाइटसुद्धा फुटतं. थंड झालेला खडा दळायचा, पाण्यात रात्रभर ढवळत मुरवायचा, मग ९०-१०० अंशांवर काही तास न ढवळता स्फटिक वाढू द्यायचे. राखेतल्या सिलिका-ॲल्युमिनाच्या प्रमाणावर एक्स किंवा ए येतो. सोडियम ॲल्युमिनेट घातलं तर 'ए'कडे झुकतो. एक्सची खिडकी ७.४ अँगस्ट्रॉम, ए ची ४. निकेलसाठी एक्स बरा. मग गाळा, धुवा, १०५ अंशांवर वाळवा. वितळलेलं कॉस्टिक काच, पोर्सिलेन, साधं स्टील सगळं खातं. प्रयोगशाळेत निकेलची मुशी वापरतात. रोज चालणाऱ्या भट्टीचं अस्तर कशाचं करणार, हा प्रश्न सल्लागाराला जरूर विचारा.

राख घ्यायचीच झाली तर ईएसपीच्या मागच्या हॉपरची कोरडी, बारीक राख घ्या. ॲश पाँडची नको. तिच्यात बॉटम ॲश मिसळलेली असते आणि दर ट्रकला माल वेगळा. आणि राख कायम फुकट मिळेल असं गृहीत धरू नका. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनं औष्णिक केंद्रांवर राखेच्या शंभर टक्के वापराची जबाबदारी टाकली आहे, आणि चांगली कोरडी राख सिमेंटवाले उचलतात. याच अर्थानं, झिओलाइटमुळे राखेचा प्रश्न सुटेल हा दावाही फोल आहे. देशात वर्षाला २५ कोटी टनांहून जास्त राख निघते. ती सिमेंट, विटा, भराव आणि रस्त्यांत जाते. सांडपाण्यात जाऊन जाऊन किती जाणार?

आता तुमचा हिशेब मांडू. रोज १५ घनमीटर पाणी, निकेल ६ वरून दीडवर आणायचं. म्हणजे दिवसाला साडेसदुसष्ट ग्रॅम निकेल उचलायचं. राखेच्या चांगल्या झिओलाइटची आयन अदलाबदल क्षमता ग्रॅमला २ मिलिइक्विव्हॅलंट धरली, तर किलोमागे कागदावर ५८ ग्रॅम निकेल बसतं. म्हणजे दिवसाला किलोभर झिओलाइट पुरेल. हे वाचूनच लोक खूश होतात. पण वर सांगितलेली कॅल्शियमची गर्दी आणि पाण्यातलं निकेलचं तुटपुंजं प्रमाण धरलं, तर मी किलोमागे ५ ग्रॅमच्या वर डिझाइन करणार नाही. मग दिवसाला साडेतेरा किलो, महिन्याच्या २६ दिवसांना ३५० किलो. वितळवण्याच्या मार्गानं तेवढा झिओलाइट करायला सुमारे तेवढीच राख आणि ४२० किलो कॉस्टिक. शिवाय ६०० अंशांची भट्टी, दळण, गाळण, वाळवण आणि हे सगळं सांभाळणारा माणूस. कॉस्टिकचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, रोज घेताच.

धुण्याचं पाणी तर अनेक जण हिशेबातच घेत नाहीत. किलोमागे १०-२० लिटर सहज लागतं. पीएच १३ च्या घरातलं, सोडियम आणि विरघळलेल्या सिलिकेनं भरलेलं पाणी. हे कॉस्टिकऐवजी पिकलिंगचं (गंज काढण्याचं) आम्ल मारायला वापरू, अशी कल्पना लगेच सुचते आणि ती अगदीच वाईट नाही. पण आम्लात ती सिलिका जेल होते आणि फिल्टर प्रेसचं कापड चोंदतं. आणखी एक बाब मला गंभीर वाटते. राखेत किलोला काही दशक ते शंभरभर मिलिग्रॅम क्रोमियम असतं, ट्रायव्हॅलंट रूपात बहुतेक. हवेत, कॉस्टिकसोबत, ६०० अंशांवर तापवणं म्हणजे खनिजापासून क्रोमेट काढण्याचीच पद्धत झाली. त्यातला काही भाग हेक्साव्हॅलंट होऊन धुण्याच्या पाण्यात येतो. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम, बोरॉनसुद्धा अल्कलीत सुटतात, आणि ते ऋण भाराचे असल्यानं झिओलाइट त्यांना धरतही नाही. हेक्साव्हॅलंट क्रोमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. निकेल कमी करायला गेलात आणि क्रोम वाढवून बसलात, असं व्हायला नको. म्हणून तयार झिओलाइटचं लीचिंग (त्यातून पाण्यात काय सुटतं ते) तपासल्याशिवाय तो पाण्यात टाकायचा नाही.

वापरताना काय होतं? हा पदार्थ काही मायक्रॉनची पावडर असतो. कॉलममध्ये भरला तर पाणी जात नाही. क्लॅरिफायरनंतर ढवळून टाकला तर त्याला पकडायला वेगळं गाळण हवं, नाहीतर टीएसएस (पाण्यात तरंगणारे घनकण) वाढतो आणि निकेल झिओलाइटवर स्वार होऊन आउटलेटला जातं. बेंटोनाइट मिसळून गोळ्या करून भाजता येतात, पण क्षमतेचा काही भाग जातो. पीएचची खिडकी अरुंद आहे. चारच्या खाली ए आणि एक्सचा पिंजराच कोसळतो, कारण त्यातला ॲल्युमिनियम विरघळतो. आठच्या वर निकेल हायड्रॉक्साइड गोळीवर बसून भोकं बुजवतं. ५ ते १० टक्के मिठाच्या द्रावणानं निकेल परत काढता येतं, त्या छोट्या द्रावणातून कॉस्टिकनं बसवता येतं आणि मीठ पुन्हा वापरता येतं. हे सगळं कॉलम आणि गोळ्या असतील तरच. पावडर एकदा टाकली की ती स्लज, म्हणजे गाळ. आणि तो स्लज २०१६ च्या घातक कचरा नियमांत ३५.३ या नोंदीखाली येतो, म्हणजे रांजणगाव किंवा तळोज्याच्या टीएसडीएफला (घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राला) टनाच्या दरानं पाठवायचा. महिन्याला ३५० किलो कोरडी पावडर म्हणजे ओलाव्यासह अर्धा टन किंवा त्याहून जास्त. 'टाकाऊ'चं पुन्हा टाकाऊ झालं, फक्त आता घातक या शिक्क्यासह.

यातल्या बऱ्याच अडचणी टाळणारा एक मधला पदार्थ आहे, जिओपॉलिमर. राखेत कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेट मिसळून लगदा करायचा, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून फुगवायचा, साच्यात किंवा गोळ्यांत ६०-८० अंशांवर पक्का करायचा. भट्टी नाही, धुणं कमी, कॉस्टिकही बरंच कमी. क्षमता झिओलाइटपेक्षा कमी येते, पण हातात कडक, सच्छिद्र गोळ्या येतात आणि त्या कॉलममध्ये भरता येतात. राखेवर प्रयोग करायची हौस असेल, तर मी तुम्हाला इथून सुरुवात करायला सांगेन. पहिले दोन-तीन दिवस त्यातून अल्कली सुटत राहते, तेवढं धुऊन घ्या.

बगॅसच्या राखेचा स्वभावच वेगळा. तिच्यात कामाचा असतो तो न जळलेला कार्बन. बॉयलर नीट चालत असेल तर तो थोडाच उरतो, जळण ओलं असेल तर काळी, हलकी राख भरपूर येते. म्हणजे बॉयलरवाल्याचं काम जितकं वाईट, तितकी आपली राख चांगली! रुडकीच्या आयआयटीत या राखेवर रंग, फिनॉल आणि सीओडीसाठी (पाण्यातल्या सेंद्रिय भाराचं माप) पुष्कळ काम झालंय. गूळ-साखर, डेअरी, थोडाफार रंग अशा सेंद्रिय भाराच्या पाण्याला, जागेवरच मिळत असेल तर, शेवटच्या टप्प्यात ती चालते. आधी धुवावी लागते, कारण तिच्यातून पोटॅशियम आणि क्षार सुटतात. निकेलसाठी तिचा उपयोग नगण्य. आणि एक कळकळीची विनंती: निकेल बाथमधले जुने ब्राइटनर काढायला तुम्ही ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरत असाल, त्याच्या जागी ही राख टाकून पैसे वाचवायला जाऊ नका. तिच्यातलं लोह बाथमध्ये उतरेल आणि जॉबवर (प्लेटिंग केलेल्या वस्तूवर) खड्डे, काळे डाग येतील.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी आउटलेटचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आणि न गाळता, दोन्ही निकेलसाठी तपासून घ्या. खर्च दोन चाचण्यांचा. गाळलेल्यात निकेल ३ च्या खाली आलं, तर तुमचं निकेल विरघळलेलं नाहीच. तो सँड फिल्टरमधून निसटणारा हायड्रॉक्साइडचा गाळ आहे. मग पॉलिमरचा डोस आणि फिल्टरचं बॅकवॉश सुधारा, विषय संपला. प्लेटिंगच्या ईटीपीत हे फार वेळा निघतं.

गाळूनही ५ च येत असेल तर न्यूट्रलायझेशनचा पीएच पाहा. क्रोम साडेआठला बसतं, झिंक नऊ-साडेनऊला, निकेलला दहा ते साडेदहा लागतं. तिन्ही ओळी एकाच टाकीत आल्या की ऑपरेटर मधला ९ धरतो आणि निकेल उरतं. निकेलची रिन्स (जॉब धुतलेलं पाणी) वेगळी काढून ती एकटी साडेदहाला बसवा. बाहेर सोडताना पीएच पुन्हा नऊच्या खाली आणा, पण गाळ पूर्ण काढल्यावरच, नाहीतर तो परत विरघळतो. त्याच वेळी बाथशेजारी ड्रॅग-आउट टाकी (जॉबसोबत निघालेलं द्रावण पकडणारी) आणि दोन टप्प्यांची उलट्या दिशेची रिन्स लावा. जॉब बाथवर चार सेकंद जास्त टांगलेला राहिला तरी फरक दिसतो. निकेल सल्फेटचा भाव पाहता ईटीपीत गेलेलं प्रत्येक ग्रॅम तुमच्या खिशातून गेलेलं आहे.

पीएच साडेदहालाही निकेल खाली येत नसेल, तर ते बांधलेलं निकेल आहे. त्याला ऑर्गॅनोसल्फाइडचा छोटा डोस लागेल. झिओलाइट नाही.

या तिन्हींनंतरही पॉलिशिंग हवंच असेल, तर झिओलाइट बनवण्याआधी विकत घ्या. डिटर्जंटवाल्यांकडे मिळणाऱ्या ४ए झिओलाइटची एक पिशवी आणा. त्याची क्षमता ग्रॅमला ५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास, म्हणजे राखेच्या मालाच्या अडीचपट. तुमच्याच पाण्यावर जार टेस्ट लावा: एका बीकरमध्ये ४ए, एकात कच्ची राख, एकात फक्त कॉस्टिकनं तोच पीएच, एकात काहीच नाही. तासभर ढवळून, गाळून, चारही निकेलला पाठवा. बाजारातल्या शुद्ध झिओलाइटला तुमच्या कॅल्शियमनं हरवलं, तर राखेचा झिओलाइट जिंकणार नाही, आणि तेवढ्या एका दिवसात तुमची भट्टी वाचली. ४ए चाललाच, तर त्याचा दर आणि निकेलसाठी खास बनवलेल्या चिलेटिंग रेझिनच्या कॉलमचा दर शेजारी ठेवा. रेझिन महाग वाटतं, पण ते कॅल्शियम सोडून निकेल निवडतं आणि वर्षानुवर्षं रिजनरेट होतं, म्हणजे धातू काढून पुन्हा वापरता येतं. तुमच्या आकाराच्या युनिटला शेवटी बहुधा तेच स्वस्त पडेल.

राखेच्या झिओलाइटला जागा कुठे आहे, तर अमोनियात. अमोनियमचा आयन त्याला आवडतो, आणि गरजेपुरती मोठी मात्रा एका ठिकाणी असेल, शेजारी वाया जाणारं कॉस्टिक आणि वाया जाणारी उष्णता असेल, तर गणित जुळू शकतं. तिथेही आकडे लहान नाहीत. रोज १०० घनमीटर पाण्यातून ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन काढायचा, तर दिवसाला ३ किलो नायट्रोजन. झिओलाइटनं प्रत्यक्षात किलोमागे १० ग्रॅम धरला तर दिवसाला ३०० किलो. रिजनरेशनशिवाय ते कुणालाच परवडणार नाही. मात्र तिथे अमोनियानं भरलेला झिओलाइट, जड धातू नसतील तर, शेतात जाऊ शकतो. तुमच्या निकेलच्या झिओलाइटला तो रस्ता बंद आहे.